ड्रम मेजरची निवडचाचणी : मार्चिंग बँडमधल्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

नदीकाठ (मूळ लेखन)

नमस्कार. माझी मुलगी टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कुलात दहावीत शिकते आणि गेली दोन वर्षे शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. पुढच्या हंगामाचे ड्रम मेजर एप्रिलच्या अखेरीस निवडले जाणार असून तिने अर्ज भरला आहे. हातात सहा आठवडे आहेत. ज्यांची मुले या चाचणीतून गेली आहेत, किंवा जे स्वतः गेले आहेत, त्यांचे अनुभव एका ठिकाणी वाचायला मिळावेत म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नावात ड्रम असला तरी ड्रम मेजर ड्रम वाजवत नाही. मैदानावर दीड-दोनशे मुले वाजवता वाजवता आकृत्या बदलत असतात आणि त्या सगळ्यांना दिसेल अशा उंच चौथऱ्यावर, म्हणजे पोडियमवर, उभे राहून हातांनी लय दाखवणारा विद्यार्थी म्हणजे ड्रम मेजर. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याचे मध्यंतर असो की शनिवारची स्पर्धा असो, एकदा बँड मैदानात उतरला की बँड डिरेक्टर बाजूला उभे राहून फक्त पाहू शकतात. त्या सात-आठ मिनिटांची जबाबदारी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर असते.

इतक्या मुलांना हाताच्या इशाऱ्याची गरज का पडते, ऐकून वाजवता का येत नाही, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. त्याचे उत्तर आवाजाच्या वेगात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या मागच्या कडेला वाजलेला ठोका पुढच्या कडेला, म्हणजे साधारण ४५ मीटरवर, पोहोचायला ०.१३ सेकंद लागतात. लय मिनिटाला १६० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.३७५ सेकंदांची होते, म्हणजे नुसत्या अंतरामुळे मात्रेचा तिसरा हिस्सा निघून जातो. प्रत्येकाने आपल्या कानाला ऐकू येईल तसे वाजवले तर प्रेक्षकांपर्यंत गोंगाट पोहोचेल. हात मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. पावलांचेही तसेच आहे. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल २२.५ इंचांचे, असे ठरलेले असते आणि ते पाऊल मात्रेवरच पडावे लागते.

आमच्याकडे निवडीचे चार भाग आहेत. लेखी अर्ज आणि शिक्षकांची शिफारस, ध्वनिमुद्रित संगीतावर हात चालवून दाखवणे, मोठ्याने आज्ञा देऊन आठ-दहा मुलांची तुकडी चालवणे, आणि शेवटी मुलाखत. अभ्यासाची अट टेक्सासमध्ये कायद्यानेच आहे. १९८४ च्या त्या कायद्याला सगळे जण 'नो पास, नो प्ले' म्हणतात आणि एखाद्या विषयात ७० च्या खाली गुण गेले तर किमान तीन आठवडे मुलाला मैदानावर उतरता येत नाही. त्या बाजूची मला चिंता नाही. चिंता दोन गोष्टींची आहे. तिचा आवाज लहान आहे आणि ती अजून सेक्शन लीडर झालेली नाही. क्लॅरिनेटच्या दहा मुलांचीही जबाबदारी न घेतलेल्या मुलीने एकदम पोडियम मागावा का, असे घरातच विचारले गेले आहे.

रानजाई

मी ओहायोमध्ये दोन वर्षे ड्रम मेजर होते आणि आता विद्यापीठाच्या बँडमध्ये वाजवते. माझे मराठी लिखाण कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या लिखाणात एक भर घालते, कारण चाचणीत नेमकी तीच गोष्ट पाहिली जाते. ड्रम मेजर लय दाखवतो हे खरे, पण ती तो स्वतःच्या मनाने ठरवत नाही. प्रयोग सुरू झाल्यावर माझी नजर मागच्या ड्रमलाइनमध्ये, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेत, मधोमध चालणाऱ्या स्नेअरवाल्याच्या (स्नेअर हा ड्रमचा एक प्रकार) पायांवर असायची. त्याचे पाऊल पडले की माझा हात खाली आला पाहिजे. त्याच पावलाचा आवाज माझ्या कानांवर उशिरा येणार, म्हणून कानांवर विश्वास ठेवायचा नाही. नवशिक्या ड्रम मेजरचा हात पाच-सहा ओळींतच मंदावतो, कारण तो नकळत ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मागे जातो. मग मुले त्याच्या मंदावलेल्या हाताबरोबर मंदावतात, आवाज आणखी उशिरा येतो आणि बँड अक्षरशः ठाय लयीत जाऊन बसतो. परीक्षक हे जाणूनबुजून घडवून आणतात. माझ्या चाचणीत डिरेक्टरांनी संगीत मध्येच बंद केले आणि सोळा मात्रांनंतर पुन्हा सुरू केले. तेवढ्या वेळात माझा हात आणि ध्वनिमुद्रण एकत्र राहिले की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

याचा सराव घरी करता येतो. गाणे लावायचे, आवाज पूर्ण बंद करायचा, मात्रा मोजत हात चालू ठेवायचा आणि आवाज पुन्हा वाढवायचा. पहिल्या दिवशी फरक पडेल, दहाव्या दिवशी पडणार नाही. मेट्रोनोम जवळ नसतानाही १२० ची लय सापडायला हवी. घड्याळाचा सेकंदकाटा ६० ची लय देतो, तिची दुप्पट म्हणजे १२०. मी बसथांब्यावर उभी राहूनही हे करत असे.

हाताची आकृती चार मात्रांची असेल तर उजवा हात खाली, आत, बाहेर, वर असा जातो आणि डावा हात आरशातल्यासारखा त्याच्याबरोबर. मुलांचा भर ही आकृती डौलदार करण्यावर असतो आणि तिथेच चूक होते. ठोका नेमका कुठे पडला ते ६० यार्डांवरून दिसले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ठोका हवेतल्या एकाच पातळीवर आपटून परत आला पाहिजे, टेबलावर बोट आपटल्यासारखा. ती पातळी वरखाली सरकू लागली की लांबच्या मुलाला मात्रा सापडत नाही. आणि सुरुवातीच्या रिकाम्या मात्रेचा वेगळा सराव करायला सांगा. वाजवणाऱ्या दीडशे जणांनी त्या एका मात्रेत श्वास घ्यायचा असतो. ड्रम मेजरने स्वतः तेव्हा श्वास घेतला नाही तर समोरची मुलेही घेत नाहीत आणि पहिलाच स्वर फाटतो.

सेक्शन लीडर नसण्याबद्दल फार काळजी करू नका. मीही नव्हते.

कातरवेळ

माझा मुलगा न्यू जर्सीत ट्रम्पेट वाजवत असे. अकरावीच्या आधीच्या वसंतात त्याची निवड झाली नाही आणि त्यानंतर मी जे केले ते इथे लिहितो आहे, कारण या धाग्यावर पालकच जास्त येतील.

निवड झालेल्या मुलापेक्षा माझा मुलगा उत्तम वाजवतो, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही. मी बँड डिरेक्टरांना एक लांबलचक ईमेल लिहिले. त्यात मुलाच्या सगळ्या पारितोषिकांची यादी दिली आणि निवडीचे निकष लेखी मागितले. मुलाला विचारले नव्हते. डिरेक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून अतिशय सौम्यपणे सगळे समजावले आणि घरी आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "बाबा, आता बँडच्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे." त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. ती घटना मी अजून विसरलेलो नाही.

डिरेक्टरांचे उत्तर मला पुढे पटले. उत्तम वाजवणाऱ्या मुलाला पोडियमवर चढवले की त्या वाद्याच्या रांगेतला सगळ्यांत भक्कम आवाज जातो, कारण ड्रम मेजर मैदानावर वाजवत नाही. त्यामुळे वाजवण्याचे गुण हा निवडीचा एक भाग असतो, निर्णायक भाग नसतो. पुढच्या वर्षी तो ट्रम्पेटचा सेक्शन लीडर झाला. ऑगस्टच्या बँड कॅम्पमध्ये नववीच्या मुलांना पाऊल कसे टाकायचे, टाच आधी कशी टेकवायची, पंजा कसा उतरवायचा हे त्याने तासन् तास शिकवले. रानजाई म्हणतात तसे सेक्शन लीडर ही ड्रम मेजरच्या खालची पायरी नाही, ते निराळे काम आहे. मात्र एक मतभेद नोंदवतो. कोणालाही शिकवण्याचा काहीच अनुभव नसलेल्या मुलाने सहा आठवड्यांत थोडा तरी मिळवावा. नववीच्या एखाद्या मुलाला रोज दहा मिनिटे मदत केली तरी चालेल. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.

गावकूस

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो आणि तिथले घोषपथक माझ्याकडे होते. आमचे पथक ३५ मुलांचे असे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनापलीकडे आम्ही फारसे गेलो नाही. तरी लहान आवाजाच्या प्रश्नावर मला बोलता येईल, कारण दरवर्षी पथकप्रमुख निवडताना तोच प्रश्न यायचा.

आज्ञेला दोन भाग असतात. पहिल्या भागाने ऐकणाऱ्याला तयार करायचे आणि दुसऱ्या भागावर कृती व्हायची. 'साव' लांबवायचा, क्षणभर थांबायचे आणि 'धान' एका घावात तोडायचा. मुले दोन्ही भाग सारख्याच जोराने ओरडतात, मग घसा बसतो आणि तुकडीही एकत्र हलत नाही, कारण नेमके केव्हा हलायचे ते कळलेले नसते. आज्ञा ऐकू येणे म्हणजे केवळ मोठा आवाज नव्हे. मधली शांतता नेमकी असेल तर लहान आवाजाची मुलगीही पटांगणाच्या दुसऱ्या टोकाची रांग हलवते. माझ्या पथकात एक मुलगी होती, वर्गात हजेरीला दिलेले उत्तरही ऐकू येत नसे. तिला मी घसा न वापरता पोटावर हात ठेवून आज्ञा द्यायला लावले. श्वास भरला की हात पुढे आला पाहिजे आणि 'धान' म्हणताना झटक्यात आत गेला पाहिजे. तीन आठवड्यांत तिचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जाऊ लागला.

दुसरे म्हणजे 'आ'कारात तोंड उघडते आणि आवाज पुढे फेकला जातो. इंग्रजी आज्ञेत तोंड मिटत असेल तर आधी मराठी आज्ञेवर सराव करून बघा.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कातरवेळ, तुमचा प्रतिसाद मी माझ्या नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

तीन आठवड्यांचा वृत्तान्त लिहिते. गॅरेजच्या भिंतीवर तिने छातीच्या उंचीला निळ्या रंगाची चिकटपट्टी आडवी लावली आहे आणि समोर कपाटाचा जुना आरसा टेकवून ठेवला आहे. पट्टी आरशात दिसते आणि ठोका त्या रेषेवर आपटतो की नाही ते तिला स्वतःलाच कळते. पहिल्या दिवशी संपूर्ण प्रयोगाएवढा, म्हणजे आठ मिनिटे, हात चालवायला घेतला. पाचव्या मिनिटाला कोपरे खाली आली, ठोका पट्टीच्या चार बोटे खाली पडू लागला आणि तिला ते आरशात दिसत असूनही हात वर नेता येईना. ती रडली नाही, पण आरशाकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. आता आठ मिनिटे पूर्ण होतात. शेवटच्या मिनिटात खांदे कानांकडे चढतात, तेवढे राहिले आहे.

आवाज बंद करण्याचा सराव तिला सगळ्यांत आवडला. पहिल्यांदा सोळा मात्रांनंतर ती जवळजवळ दोन मात्रा पुढे निघून गेली होती. म्हणजे रानजाईंनी सांगितलेल्या चुकीच्या बरोबर उलट, ती घाईने धावत होती. आता फरक ऐकू येत नाही.

गावकूस सर, परसात उभी राहून ती 'सावधान' म्हणते तेव्हा शेजारचे कुत्रे भुंकायचे थांबते. 'बँड, टेन-हट' ही 'सावधान'ची इंग्रजी आज्ञा अजून तितकी सुटत नाही, पण पहिला शब्द लांबवून मध्ये थांबण्याची युक्ती तिला सापडली आहे.

आता मुलाखतीविषयी विचारते. मागच्या वर्षी मुलांना एक प्रश्न विचारला गेला होता, असे तिला कळले आहे. तुमची जिवलग मैत्रीण सलग तिसऱ्या दिवशी सरावाला उशिरा आली, तर तुम्ही काय कराल? मुलीचे उत्तर असे, की ती मैत्रिणीच्या सेक्शन लीडरला सांगेल, कारण तो अधिकार त्याचा आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते, पण का ते सांगता येत नाही.

ताशा

मी पुण्यात सात वर्षे ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला आणि आता कॅलिफोर्नियात मुलांच्या पथकाचा सराव घेतो. आमच्याकडे पोडियम नसतो. शंभर ढोल समोर असताना 'हात', म्हणजे वाजवण्याचा ठेका, बदलायचा इशारा ताशाच्या तुकड्यातून आणि पुढे उभ्या असलेल्या प्रमुखाच्या उंचावलेल्या हातातून जातो. त्यामुळे तुमचा हातांचा भाग मला लगेच कळला.

उशिरा येणाऱ्या मैत्रिणीच्या प्रश्नावर माझे मत तुमच्या मुलीच्या उत्तराच्या विरुद्ध आहे. तिसऱ्या दिवशी सेक्शन लीडरकडे जायचे असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी काय केले, असा पुढचा प्रश्न येणारच. मैत्रीण आहे म्हणून दोन दिवस दुर्लक्ष केले आणि मग नियमावर बोट ठेवले, असा त्याचा अर्थ निघतो. पहिल्याच दिवशी, सराव संपल्यावर, बाजूला घेऊन विचारायला हवे होते. काय झाले, गाडीची अडचण आहे का, धाकट्या भावाला शाळेत सोडावे लागते का? पथकात उशिरा येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी खरी अडचण असते आणि ती चारचौघांत कोणी सांगत नाही.

रानजाई

ताशा, तुमचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. बाजूला घेऊन बोलणे बरोबर आहे. मात्र सेक्शन लीडरला वगळून परस्पर बोलले तर त्याचा अधिकार जातो आणि पुढच्या वेळी त्याच्या रांगेतली मुले त्याचे ऐकत नाहीत. मी हे केले आहे. क्लॅरिनेटच्या सेक्शन लीडरने मला नंतर सांगितले, की माझ्यामुळे त्याची रांग त्याच्या हातातून गेली. म्हणून आधी सेक्शन लीडरला विचारायचे, "तू बोललास का, की मी बोलू?" आणि मग जे ठरेल ते करायचे. तुमच्या मुलीच्या उत्तरात अधिकाराची जाण आहे, ती तशीच राहू द्या. फक्त मैत्रिणीची काळजी त्यात दिसत नाही, तुम्हाला अपुरे वाटले ते बहुधा तेच असावे.

एक गोष्ट मात्र तिने पाठ केलेल्या उत्तरासारखी सांगू नये. आमच्या डिरेक्टरांनी मला विचारले होते, "तुझी निवड झाली नाही तर तू काय करशील?" सगळे जण म्हणतात की आम्ही तितक्याच आनंदाने वाजवू. मी म्हणाले की मला फार वाईट वाटेल, दोन दिवस कोणाशी बोलणार नाही आणि सोमवारी सरावाला येईन. ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

कातरवेळ

रानजाईंचा शेवटचा परिच्छेद आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळायला हवा होता.

नदीकाठ, चाचणीच्या दिवशी गाडीत काहीही शिकवू नका. शाळेच्या दारात सोडा आणि परत या.

नदीकाठ

काल यादी लागली. तीन ड्रम मेजर निवडले गेले आहेत. मुख्य ड्रम मेजर बारावीत जाणारा मुलगा आहे, गेल्या वर्षी तो डावीकडच्या छोट्या पोडियमवर होता. माझी मुलगी या वर्षी त्याच डावीकडच्या पोडियमवर असेल. तिथून ड्रमलाइन तिरकी दिसते, त्यामुळे तिने हात मुख्य ड्रम मेजरच्या हातांशी जुळवायचा की स्नेअरवाल्याच्या पायांशी, हे तिने डिरेक्टरांना आताच विचारून घेतले आहे. मुख्य ड्रम मेजरशी, असे त्यांचे उत्तर आहे.

आज्ञा देताना तिचा आवाज एकदा फाटला. ती थांबली, श्वास घेतला आणि पहिल्यापासून आज्ञा दिली. मुलाखतीत उशिरा येणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न आलाच नाही. तिला विचारले, की बँडमध्ये तुझ्याशी कधीच न बोललेल्या पाच मुलांची नावे सांग. तिला तीन सांगता आली. घरी आल्यापासून ती उरलेली नावे शोधते आहे.

जूनमध्ये तिला ड्रम मेजरच्या उन्हाळी शिबिराला पाठवायचे आहे. जॉर्ज पार्क्स यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या अकॅडमीचे नाव शाळेने सुचवले आहे. रानजाई, तुम्ही गेला होतात का? सोबत काय द्यावे?

रानजाई

तिचे मनापासून अभिनंदन! डावीकडचा पोडियम अवघड असतो, हे तिला माझ्याकडून सांगा.

हो, मी गेले होते. पार्क्स सर १९७७ पासून २०१० मध्ये वारले तोवर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बँडचे डिरेक्टर होते. मी गेले तेव्हा ते नव्हते, पण पायांपासून सुरुवात करून पोट, छाती, खांदे, हनुवटी आणि शेवटी नजर, अशी उभे राहण्याची त्यांची शिस्त तिथे पहिल्याच सकाळी शिकवतात. त्यानंतर दिवसभर उन्हात उभे राहून हात चालवायचे असतात.

पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड द्या, कारण एक जोड घामाने ओला होतो. पाण्याची मोठी बाटली, टोपी, मानेला आणि कानांच्या मागे लावायला सनस्क्रीन. मळलेले, पायाला सरावलेले बूट द्या, नवे नकोत. मनगटावर घड्याळ नको, हात चालवताना ते चमकते आणि लांबून तेच दिसते. आणि पुढच्या हंगामाच्या संगीताच्या प्रती आल्या असतील तर त्या नक्की द्या. रात्री खोलीत सगळ्या जणी त्याच घेऊन बसतात.